कमरेचा पट्टा आणि मॉरिशसचं सगळ्यात उंच शिखर

मॉरिशसला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी परतीचं विमान पाहिलं. सोमवारी रात्री निघायचं, मंगळवारी पहाटे मुंबई, आणि बुधवारी सकाळी अकराला माझ्या बहिणीचा, शीतलचा, साखरपुडा. मध्ये एक दिवस. माझ्याबरोबर येणारे साळुंखेकाका म्हणाले, "एक दिवस म्हणजे खूप झाला रे." मला तो खूप वाटत नव्हता. बाबा गेल्यापासून घरात आई, शीतल आणि मी. मुलाकडची मंडळी येऊन बसली आणि मीच नसलो, तर आई काय सांगणार? माझा मुलगा बेटावर अडकलाय?

पण सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

मी खालापूरजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. आम्ही पॅकिंगची मशिनं बनवतो. त्यातलं एक मॉरिशसमधल्या बिस्किटांच्या कारखान्यात बसवायचं होतं. साळुंखेकाका आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर, ते जाणारच होते. त्यांच्या हाताखाली आणखी एक माणूस हवा होता. माझ्यापेक्षा चांगले दोघं आहेत आणि दोघंही जास्त शिकलेले. मी दहावीत गणितात राहिलो तो राहिलोच. पण पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता.

तोही सहज आलेला नव्हता. बाबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. ते एक करून घ्यायला तहसील कचेरीत किती फेऱ्या झाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय, इथे सांगत नाही, हसाल. कागद गोळा करायला लागल्यापासून पासपोर्ट हातात पडेपर्यंत चौदा महिने गेले. तेव्हा त्या निळ्या पुस्तिकेला मी किती जपतो हे लक्षात असू द्या.

(नुसतं फिरायला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही, विमानतळावर उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. आमचे कामाचे कागद कंपनीनं केले होते. निघण्याआधी नियम पुन्हा बघून घ्या, बदलत असतात.)

डोंगराची गोष्ट मामामुळे निघाली. माझा मामा कशेळ्याला राहतो आणि तिथून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जीप चालवतो. निघायच्या आधीच्या रविवारी तो मला पेठच्या किल्ल्यावर घेऊन गेला. आंबिवलीपर्यंत जीप, पुढे अडीच तास पायी. वरच्या सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या आहेत. उंचावर मला चक्कर येत नाही, पण तळहात ओले होतात आणि मग हाताखालचा दगड सुटेल असं वाटत राहतं. मामाला हे माहीत आहे. तो मागून चढत होता आणि बोलत होता.

"कुटंबी जा रं, तितला उंच डोंगर चडून ये. खाली फिरलास तर गाव तुला बगतं. वर ग्येलास की तू गावाला बगतोस."

गुहेत भैरोबा आहे. आत जायच्या आधी मामानं कमरेचा चामडी पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला. आमच्याकडे देवापुढे चामडं नेत नाहीत. तो पाया पडून आला आणि मी पट्टा परत केला. यात काही लक्षात ठेवण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

उतरून आल्यावर जीपमध्ये त्यानं विचारलं, "पासपोट ठेवनार कुटं?"

"बॅगेत."

"बॅग कोन उचलून न्हेईल."

"मग लॉजवर ठेवीन."

"लॉजवाला काय तुजा काका हाय?" असं म्हणत त्यानं पुन्हा तो पट्टा सोडला. पुढच्या बाजूला झाकणाचा कप्पा असलेला, सीटांचे पैसे ठेवायचा, घामानं काळा पडलेला पट्टा. "ह्यो घे. कमरंचं कोन सोडीत नाय."

आईनं दोन किलो कडवे वाल आणि सुकट बांधून दिली होती. साळुंखेकाकांनी ती कंपनीच्या गाडीत बसण्याआधीच खालापुरात काढून ठेवायला लावली. मॉरिशसमध्ये बी-बियाणं, भाजी, फळं, मासळी असलं काही तपासणीशिवाय आत जात नाही. तुम्हीही नेऊ नका. आई वालांची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "मग तिथे खाणार काय?"

विमान सहा तासांच्या वर. मी झोपलो नाही. उतरताना खिडकीतून डोंगर दिसले आणि मला एकदम बरं वाटलं, कारण ते ओळखीचे होते. काळा दगड, मध्येच उभे राहिलेले सुळके, अंगावर हिरवं. आपल्या कर्जतचे डोंगर कुणी उचलून समुद्रात ठेवावेत तसे. साळुंखेकाकांनी नंतर मोबाइलवर वाचून दाखवलं, की जमिनीखाली आगीची एक जागा आहे. त्या जागेवरून आपली जमीन सरकत उत्तरेला गेली तेव्हा तिथून दगड ओतला जाऊन आपले डोंगर झाले, आणि कोट्यवधी वर्षांनी त्याच आगीतून हे बेट वर आलं.

"म्हणजे हे आपलं धाकटं भावंड," मी म्हणालो.

"आणि बघ," काका म्हणाले, "धाकटं असून घर समुद्राकाठी."

आम्ही क्युरपीप नावाच्या गावात राहत होतो. बेटाच्या मध्यावर, उंचावर असल्यामुळे मे महिन्यात तिथे थंडी आणि रोज भुरभूर पाऊस. घरी उकाड्यानं जीव जात असताना मी स्वेटर घालून कामावर जात होतो. जेवणाची भीती होती तीही दुसऱ्या दिवशी गेली. रस्त्यावर ढोलपुरी मिळते, म्हणजे आत डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी. तिच्यावर वालाची रस्सेदार उसळ आणि चटणी घालून गुंडाळून देतात. दोन पुऱ्यांची जोडी तिथल्या तीस रुपयांच्या आसपास. तिथला रुपया आपल्या दोनाला थोडा कमी. मी बारा दिवसांत किती जोड्या खाल्ल्या तेही वहीत आहे.

बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे लक्ष्मणदादा तिथले मराठी. साठीला आलेले. त्यांच्या पणजोबांना उसाच्या कामाला आणलं होतं. लहानपणी ते शनिवारच्या वर्गात मराठी शिकले, त्यामुळे बोलतात ते पाठ्यपुस्तकातलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आपण चिंता करू नये. सर्व कोरेक आहे." कोरेक म्हणजे तिथल्या भाषेत एकदम ठीक. हा शब्द ते मशिनला, चहाला, हवामानाला, सगळ्याला लावतात.

शनिवारी मशिनची चाचणी झाली. तासभर एकही पाकीट न फाटता चाललं. साळुंखेकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा कळलं, की बारा दिवस मी खांदे आवळून वावरत होतो. रविवार मोकळा होता. काका म्हणाले, समुद्रावर जाऊ. मी लक्ष्मणदादांना विचारलं, इथला सगळ्यात उंच डोंगर कुठला?

नाव मोठं आहे. पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार. इंग्रजीत ब्लॅक रिव्हर पीक म्हणतात, ते लक्षात ठेवा. उंची आठशे अठ्ठावीस मीटर. रात्री फोनवर मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजी माथेरान! येवड्यासाटी इमानात बसलास?"

रविवारी सकाळी साडेसहाला लक्ष्मणदादा त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. काका झोपून राहिले. जाताना दादांच्या गावाबाहेर, उसाच्या कडेला, रस्त्यालगत एक स्थान लागतं. आंब्याच्या झाडाखाली सिमेंटचा चौथरा, त्यावर शेंदूर माखलेले सात दगड, लाल निशाणं. तिथे काळीमाय म्हणतात. आमच्याकडे पाण्याच्या काठी साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, असतात, तशाच. दादा म्हणाले, "पर्वतावर जाण्यापूर्वी येथे नमस्कार करण्याची पद्धत आहे."

मी चपला काढल्या. मग पट्टा सोडला आणि आंब्याच्या एका खालच्या फांदीला अडकवला. पासपोर्ट पट्ट्यातच होता, झाकणाचं बटण लावलेलं. पाया पडलो. शीतलचं सगळं नीट होऊ दे म्हटलं, परतीचं विमान वेळेवर सुटू दे म्हटलं. दादांनी दगडांपुढची दोन केळी आणि खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून माझ्या ओंजळीत दिला. तेवढ्यात सर आली. दादा ओरडले, "धावावे!" आणि आम्ही धावलो. मी प्रसाद सांभाळत, चपला पायात कशाबशा सरकवून. गाडीत बसून केळं खाल्लं.

आता वाटेबद्दल. क्युरपीपहून तासाभरात गाडी खोल दरीच्या पॉइंटशी पोचते. तिथे गाड्या लावायला जागा आहे, माकडं आहेत, आणि अननस सोलून त्याला मीठ-मिरची लावून देणारा एक विक्रेता आहे. माकडांपासून अननस सांभाळा. डोंगराची वाट रस्त्यालगतच सुरू होते. आम्ही गेलो तेव्हा कसलंही तिकीट नव्हतं. जाऊन-येऊन नऊ किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा. सार्वजनिक बस या बाजूला कमी, रविवारी तर तिच्या भरवशावर राहू नका. रात्री पाऊस झाला असेल तर चांगले बूट हवेतच. दादांनी मला मुलाचे बूट आणि पाठीवरची सॅक दिली. सॅकला कमरेशी बांधायचा पट्टा होता, पुढे प्लास्टिकचं जाड बक्कल. मी ते घट्ट लावलं, वरून रेनकोट घातला.

हे बक्कल लक्षात ठेवा.

पहिला तास डोंगरधारेवरून चालायचं. चढ फारसा नाही. लाल माती, दोन्ही बाजूंना पेरूची झुडपं. हे पेरू सुपारीपेक्षा थोडे मोठे, लालभडक, आंबट-गोड. मे महिन्यात पिकतात आणि वाटेवर हवे तेवढे तोडून खातात. डावीकडे झाडी उघडली की दरी दिसते. तिच्यात पांढरे पक्षी तरंगत होते, शेपटीला एकच लांब धागा असावा तसे. मी दर थोड्या वेळानं रेनकोटवरून कमरेला हात लावत होतो. हाताला टणक लागत होतं. मी पुढे जात होतो.

शेवटची वीस मिनिटं खरी चढण. मुळांना धरून, बांधलेले दोर धरून, दगडात बुटाचं टोक रोवून. माझे तळहात ओले झाले. दादा पुढे होते. वयानं माझ्या दुपटीपेक्षा जास्त, पण ते बोलत चढत होते.

"दादा, हा दोर कुणी बांधलाय? तपासतात का?"

"मी तो तीस वर्षे पाहतो आहे."

"तोच दोर?"

"नाही, नाही. नवनवीन." मग हसले. "आपण दोराकडे पाहू नये. पायाकडे पाहावे."

पायाकडे पाहिलं. काळा, भोकं पडलेला दगड. असाच दगड मामाच्या घराच्या ओट्याला आहे. पेठच्या पायऱ्यांवर मामा मागून बोलत होता, इथे दादा पुढून बोलत होते. मी मधल्या मध्ये हात-पाय टाकत राहिलो, आणि एकदम वर टाकायला दगड उरला नाही. माथा आला होता.

माथा लहान आहे, आमच्या अंगणाएवढा. पाऊस थांबला होता. ढग सरकला आणि खाली सगळं उघडलं. पश्चिमेला समुद्र, काठाला फिकट हिरवा, मग पांढऱ्या लाटांची एक रेघ, आणि तिच्यापलीकडे गडद निळा. दक्षिणेला समुद्रात उतरलेला एक अख्खा कातळडोंगर. सगळं बेट दिसतंय असं वाटलं, आणि त्याच्या चारी बाजूंना दुसरं काही नाही. मामा म्हणाला होता ते पटलं. बारा दिवस हे गाव मला बघत होतं. आता मी त्याला बघत होतो. मी मोठ्यानं हसलो. दादांनी माझा फोटो काढला. त्या फोटोत मी जसा दिसतो तसा मी इतर कुठल्याच फोटोत नाही.

मग ढोलपुरी खायला म्हणून मी रेनकोट काढला, बक्कल सोडलं, सॅक खाली ठेवली. आणि कमरेला हात लावला.

कमरेला शर्ट होता.

सॅक उलटी केली. खिसे उलटे केले. मग आंब्याची फांदी आठवली. फांदी, तिच्यावरचा पट्टा, माझ्या ओंजळीतली केळी. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स करून घेतल्या होत्या, मी असा निष्काळजी नाही. पण त्या दोन्ही पासपोर्टच्या आत घडी करून ठेवल्या होत्या.

"दादा, पट्टा तिथे राहिला. काळीमायपाशी. त्यात पासपोर्ट आहे."

दादांनी घड्याळ पाहिलं. पट्टा रस्त्याच्या कडेला उघड्यावर टांगून तीन तास होत आले होते. वर माथ्यावर फोनला रेंज येत-जात होती. त्यांनी बायकोला लावून पाहिला. लागला नाही.

"आपण प्रथम शांत व्हावे," ते म्हणाले.

"दादा, शांत होता येत नाहीये."

"बरे. मग उतरू या."

उतरताना काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. दोर, मुळं, लाल चिखल. दोनदा बसकण मारली. डोक्यात एकच हिशेब चालू. उद्या रात्री विमान. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, मग राजधानीत आपल्या वकिलातीत जाऊन तात्पुरता कागद काढायचा. त्याला एक दिवस लागतो की चार? बुधवारी अकरा वाजता आई दारात उभी, मुलाकडचे आत बसलेले, आणि बाबांच्या जागी मामा. मामा सगळं करील, चांगलंच करील. पण बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना एकच गोष्ट कबूल केली होती, की शीतलच्या वेळी मी असेन. चढताना दोराची एवढी भीती वाटली, आणि आता तोच दोर मी न बघता धरून खाली जात होतो. मागून दादा ओरडत होते, "हळू! हळू!" आणि मग पाठ्यपुस्तक सोडून, "अरे पडशील ना!"

दादांनी गाडी आल्या वाटेनं परत घेतली. वळणापलीकडे आंब्याचं झाड दिसलं आणि मी गाडी थांबण्याआधी दार उघडलं.

फांदीवर पट्टा नव्हता.

मी झाडाला फेरी मारली. खाली गवतात पाहिलं, चौथऱ्यामागे पाहिलं, उसाच्या सरीत वाकून पाहिलं. फांदीला कुणीतरी पावाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, ती तेवढी वाऱ्यानं हलत होती. मी चौथऱ्याच्या कडेला टेकलो.

"योगेश," दादा म्हणाले. त्यांनी पिशवीकडे बोट केलं. "ती पिशवी जड आहे."

मी उठून हात घातला तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"हात नाय लावायचा!"

पलीकडच्या घराच्या पडवीत प्लास्टिकच्या स्टुलावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर परात, परातीत शेंगा. ती उठली आणि काठी टेकत रस्ता ओलांडून आली. दादा तिला "तांतीन" म्हणाले, म्हणजे मावशी, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायला लागले. तिनं त्यांना हातानं गप्प केलं आणि माझ्याकडे वळली.

"कोन रं तू?"

मला क्षणभर कळेना मी कुठे आहे. शब्द, हेल, सगळं कशेळ्याच्या बाजारातलं.

"मावशी, तो पट्टा माझा आहे."

"तुजा हाय तर सोडून कशाला ग्येलास?"

"देवापुढं चामडं नेत नाहीत म्हणून काढला. मग पाऊस आला."

"त्ये मी वळखलं. गोऱ्या लोकांनी काय चामडं काडून ठेवलं नसतं. आपल्यातलाच कोन येडा असनार." तिनं स्वतः पिशवी सोडली, पट्टा काढला, कप्प्याचं बटण उघडलं आणि पासपोर्ट बाहेर घेतला. फोटो पाहिला, मला पाहिलं. "ह्यात तर गोरा दिसतोस."

"पासपोर्ट कचेरीतला दिवा तसा होता."

"नाव सांग."

सांगितलं. तिनं पासपोर्ट दादांच्या हातात दिला. "लक्ष्मण, तू वाच. बापाचं नाव कुटं असतंय?"

"शेवटच्या पानावर," मी म्हणालो.

"तुला नाय इचारलं. बापाचं नाव सांग."

"दत्तात्रेय."

दादांनी पान डोळ्यांजवळ धरलं, एकेक अक्षर लावलं. "दत्ता... त्रेय. बरोबर."

"आयचं?"

"सुमन."

"बरोबर."

"बाप काय करतो?"

"नाय," मी म्हणालो. माझ्या तोंडून नाय असंच आलं, जे मी लिहिताना कधी लिहीत नाही. "वारले."

तिनं दादांच्या हातून पासपोर्ट घेतला, कप्प्यात ठेवला, बटण लावलं, आणि पट्टा माझ्या हातात न देता माझ्या कमरेभोवती घालून स्वतः बक्कल लावलं. घट्ट.

"मावशी, तुम्ही घरात का नाही नेऊन ठेवला?"

"मी हलवला असता तर तू शोधला असतास कुटं? म्हून जितं व्हता तितंच बांदला आनि राखत बसले. सकाळधरनं. ह्या शेंगा बग, आर्ध्या बी झाल्या नाय." मग ती दादांकडे वळली. "आनि तुमी दोगं व्हता ना? मग दोगं येकदम देवाकडं कशाला ग्येलात? येकानं जायचं, येकानं चामडं धरून भाईर राहायचं. मग पाळी बदलायची. तुला कोन शिकवलं नाय काय रं?"

पेठच्या गुहेबाहेर मी मामाचा पट्टा हातात धरून उभा होतो, ते मला आठवलं. शिकवलं होतं.

तिला पैसे द्यायला मी खिशात हात घातला, पण तिनं असं काही पाहिलं की मी हात तसाच बाहेर काढला. "बसा दोगंबी," ती म्हणाली. "शेंगा सोला."

आम्ही तिच्या पडवीत बसून शेंगा सोलल्या. वालाच्या होत्या. ओळखीचा हिरवा वास नखांना लागला. तिनं विचारलं, गाव कुठलं? खालापूर म्हटलं तर तिला माहीत नव्हतं. तिच्या आज्याचं गाव तिलाही माहीत नव्हतं. तो एवढंच सांगायचा म्हणे, की दारातून मोठा काळा डोंगर दिसायचा. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांच्याच दारातून दिसतो. "मग तितलाच आसल," ती म्हणाली आणि दुसरी शेंग घेतली. निघताना तिनं मला सोललेले वाल बांधून दिले. विमानात नेता येणार नाहीत म्हटलं, तर म्हणाली, "मग रात्रीच खा." रात्री दादांच्या घरी खाल्ले. साळुंखेकाकांनी दोनदा वाढून घेतले, मीही.

सोमवारी विमान वेळेवर सुटलं. मी पुन्हा झोपलो नाही, पण या वेळी कारण वेगळं होतं. खिडकीतून काळोखात काही दिसत नसतानाही मला बघत बसावंसं वाटलं.

हे लिहिताना साखरपुड्याला आठवडा होऊन गेलाय. जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. डोंगर कठीण नाही, शेवटचा तुकडा कोरडा असेल तेव्हाच चढा. पेरूसाठी मे महिना चांगला. आणि झेरॉक्स पासपोर्टपासून लांब ठेवा. एक आईकडे, एक बॅगेत, एक मोबाइलमध्ये.

मामाला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग पट्टा उलटासुलटा करून पाहिला. "कमरंचं कोन सोडीत नाय म्हनलं व्हतं. तू सोडलास."

"देवासाठी सोडला."

"त्ये बी खरं."

बुधवारी अकरा वाजता मी घरात होतो. बाबांच्या जागी बसलो. त्याआधी सगळी मंडळी गावदेवीच्या पाया पडायला निघाली. शीतलचा होणारा नवरा पहिल्यांदाच आमच्या देवळात येत होता. पायरीशी त्यानं बूट काढले, मग कमरेचा पट्टा सोडला, खिशातलं पाकीट काढलं, आणि दोन्ही हातांत ते घेऊन आजूबाजूला बघायला लागला. कुठे ठेवू, असं. बाजूला चाफ्याचं झाड होतं. त्याची नजर फांदीवर गेली.

मी हात पुढे केला. "द्या इकडं. तुमी जाऊन या. मी थांबतो."

त्याच्यामागून त्याच्या भावानं दिला, त्यांच्या काकांनी दिला. मी दोन्ही हात भरून पायरीवर उभा राहिलो. आतून घंटेचा आवाज येत होता, शीतलच्या बांगड्यांचा येत होता. एकेक जण बाहेर येऊन आपापलं घेऊन गेला. माझी पाळी शेवटी आली. वळलो तर मामा पायऱ्या उतरून माझ्यापुढे उभा होता, हात पसरून.

मी पट्टा सोडून त्याच्या हातात दिला आणि आत गेलो.